रोज्यातलं माप

नसीमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकले होते. पुढं ट्रेलर, मागं ट्रेलर, मधे माझी छोटी गाडी. फोन तिच्या धाकट्या भावाचा, इकबालचा. "ताई, आपा गेली," एवढंच म्हणाला. मागचा ट्रेलरवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, कारण रांग पुढं सरकली होती आणि मी तिथंच होते. ऑफिसला कळवलं आणि गाडी तशीच म्हसळ्याच्या दिशेनं काढली. त्यांच्यात मातीला उशीर करत नाहीत हे मला माहीत होतं. ती वर्षभर आजारी होती, त्यामुळं असा फोन कधीतरी येणार हेही माहीत होतं. तरी माणगाव येईपर्यंत मी मनात तिच्याशी भांडत होते, की बाई, निदान मी पोचेपर्यंत तरी दम धरायचास.

तिचं गाव म्हसळ्याच्या पुढं, खाडी समुद्राला मिळते तिथं. मी पोचले तेव्हा जनाजा निघून गेला होता. पुरुष कबरस्तानात, बायका घरात. मी डोक्यावरून पदर घेतला आणि त्यांच्यात सतरंजीवर जाऊन बसले. कुणीतरी हळू आवाजात कुराण वाचत होतं. समोर दाराच्या मागं, छत्र्या आणि वाळत टाकायच्या जाळ्यांच्या शेजारी, नसीमाची गोल्फची पिशवी उभी होती. माझी नजर तिथंच जात होती. शेजारी बसलेल्या फुपीनं ते पाहिलं. फुपी म्हणजे नसीमाची आत्या, गावातल्या सगळ्यांचीच फुपी. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्या तुमच्या दोघींच्या खेळाच्या काठ्या न्हाय?"

"हो, फुपी."

"येवढ्या? एकीनं भागत न्हाय?"

"लांबची वेगळी, जवळची वेगळी, वाळूतून काढायची वेगळी."

"आन मारल्यावर चेंडू जातो कुठं?"

मला खोटं सुचलं नाही. "नसीमाचा डावीकडं जायचा," मी म्हणाले.

फुपी ओढणी तोंडात कोंबून हसली, खांदे हलेपर्यंत हसली, आणि त्या हसण्यातूनच तिचं रडू फुटलं. मी तोवर रडले नव्हते. तिथं रडले.

मी थळची. माझे वडील खताच्या कारखान्यात ठेकेदाराकडं पोती भरायचे आणि उचलायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. बी.कॉम. हे मी कुठंही सांगते, न विचारताही सांगते, आणि नसीमा त्यावरूनच मला "बीकॉम" म्हणायची. आमची ओळख भांडणातून झाली. मी बंदरातल्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला होते आणि ती तिच्या वडिलांच्या क्लिअरिंग एजन्सीचं काम बघायला येऊ लागली होती. खजुराचा एक कंटेनर एका कागदावाचून अडला होता. ती खिडकीतून वाकून म्हणाली, "मॅडम, खजूर आहे, रमजानच्या आधी सुटला नाही तर मी तो ईदला कुणाला विकू?" मी म्हणाले, "कागद आणा, आत्ता सोडते." ती म्हणाली, "कागद काय, माणूस बघा ना." मी म्हणाले, "माणूस बघायची सोय या खिडकीत नाही." ती गेली, कागद घेऊन संध्याकाळी आली, आणि कंटेनर सुटल्यावर खजुराची एक पेटी माझ्या टेबलावर ठेवायला लागली. मी परत केली. दुसऱ्या दिवशी डब्यात सांदण घेऊन आली आणि म्हणाली, "हे तर घरचं आहे, हे तरी कायद्यात बसतं का, बीकॉम?" सांदण कायद्यात बसलं. त्यानंतर आमचा डबा रोज एकत्र.

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी तिची उंची सांगावी लागते. ती इतकी उंच होती, की त्या खिडकीतून आत बघायला तिला खरोखर वाकावं लागायचं. बाजारात मिळणारी कुठलीच गोष्ट तिला नीट आली नाही. चपला पुरुषांच्या दुकानातून. कुडत्याच्या बाह्या मनगटाच्या वर. बुरखा शिवून घ्यायचा तर शिंपी म्हणायचा, दीडपट कापड लागेल. लग्न जमलं नाही तेही ती उंचीवरच ढकलायची. "माझ्या मापाचा नवरा कोकणात पिकत नाही," असं म्हणून स्वतःच आधी हसायची, म्हणजे दुसऱ्याला दया दाखवायला जागाच उरायची नाही. वडिलांनी मग तिला धंद्यात घेतलं, आणि तिनं तो धंदा वडिलांपेक्षा मोठा केला.

मी नेमकी उलटी. बुटकी. मला आयुष्यभर सगळं मोठंच मिळालं. चुलत बहिणीचा गणवेश, शेजारच्या ताईची सायकल, पदवीदान समारंभातला भाड्याचा काळा झगा... तो झगा तर इतका लांब होता, की मी तो दोन्ही हातांनी वर धरून मंचावर गेले आणि पदवी घ्यायला हात कुठला पुढं करायचा ते कळेना. पण मोठ्या मापाचं एक बरं असतं. दुमडता येतं. आईनं माझ्या प्रत्येक कपड्याला आतून दोन-दोन दुमडी घातल्या आणि मी कधी कुणाला बेंगरूळ दिसले नाही. कमी मापाचं तसं होत नाही. नसलेलं कापड आणायचं कुठून? आमच्या दोघींच्या पुढच्या सगळ्या वादाचं मूळ यातच होतं, हे मला ती गेल्यावर उमगलं.

गोल्फ तिनंच आणलं. बंदरातल्या शिपिंग कंपन्यांचे साहेब रविवारी खाडीपलीकडं, डोंगराखालच्या मैदानावर गोल्फ खेळायला जातात. नसीमाच्या लक्षात आलं, की रविवारी जे त्यांच्याबरोबर चालतात त्यांना सोमवारी कामं मिळतात. "आपण इथं खिडक्यांतून वाकतोय आणि कामं तिकडं गवतावर वाटतायत," ती म्हणाली. आम्ही दोघींनी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. मी म्हणाले, तू जा, मला कुणाकडून कंटेनर घ्यायचाय? तर म्हणाली, "मी एकटी उंटासारखी दिसेन. तू बरोबर असलीस की लोक आधी तुझ्याकडं बघतील." आता हे ऐकून कुणी जाईल का? मी गेले. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. थळच्या आमच्या वस्तीतून कुणी त्या गवतावर पाय ठेवला नव्हता, आणि जिथं आमच्यातलं कुणी गेलेलं नाही तिथं जाऊन बघायची मला लहानपणापासून खोड आहे.

खेळणारे लोक त्या काठ्यांना क्लब म्हणतात. आम्ही काठ्याच म्हणायचो. मला आमच्या ऑफिसातून बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांनी त्यांचा जुना संच दिला. पुरुषी मापाचा, त्यामुळं लांब. मी नेहमीचा उपाय केला, दोन बोटं खाली धरला. मागं उरलेलं टोक पोटाला लागायचं, एवढाच काय तो त्रास. आणि नसीमाला त्यात मोठी गंमत. मी मारायला उभी राहिले, की स्वतःच्या काठीचं टोक माझ्या पोटाला टोचून म्हणायची, "पोट आत घे, बीकॉम, काठीला जागा दे." तिनं स्वतः दुकानातून नवा कोरा संच आणला होता, बायकांसाठी म्हणून मिळतो तो. गुलाबी पट्ट्यांचा. तो इतका आखूड होता, की ती चेंडूवर वाकली की विहिरीत पडलेलं काहीतरी शोधतेय असं वाटायचं. तासाभरात तिची कंबर धरायची. शिकवणारे सर म्हणायचे, गुडघे वाकवा. ती म्हणायची, "सर, आता अजून वाकले तर नमाजातला सजदाच होईल."

तेव्हा तिच्या डोक्यात मापाच्या काठ्यांनी घर केलं. असं असतं, हे मलाही तेव्हाच कळलं. तुम्ही एका दुकानात जायचं, तिथं यंत्रासमोर चेंडू मारायचे. तुमचं मनगट जमिनीपासून किती उंच, तुम्ही किती जोरानं मारता, काठीचा तळ जमिनीला सपाट टेकतो की तिरका, हे सगळं मोजतात. मग त्या मापानं काठीची लांबी, तळाचा कोन, दांडा किती लवचीक हवा, मूठ किती जाड हवी, ते ठरवतात आणि संच तयार करून देतात. पैसे इतके, की ऐकून मी डब्याचं झाकण लावून टाकलं. तेवढ्यात एखादी चांगली मोटारसायकल आली असती.

मी विरोधात होते. आमच्या वादाचा रागरंग साधारण असा असायचा. मी म्हणायचे, खेळ हातात असतो, काठीत नसतो; तेच पैसे सरांना दे, शिक. ती म्हणायची, "वाकडं उभं राहून सरळ मारायला शिकू?" मी म्हणायचे, माणूस वस्तूला जुळवून घेतो. ती म्हणायची, "तू घेतेस, कारण तुझ्याकडं जास्तीचं आहे." मी चिडायचे. माझ्याकडं जास्तीचं! ज्या घरात एका साबणाचे दोन तुकडे करून वापरायचे, तिथल्या मुलीकडं जास्तीचं! पण ती पैशाबद्दल बोलत नव्हती...

पुढं ती दुबईला इकबालकडं गेली आणि परत आली ती ही पिशवी घेऊन. विमानतळावरून थेट मैदानावर आली. काळी पिशवी, त्यात काळ्या दांड्यांच्या काठ्या, कुठंही गुलाबी नाही. पहिल्यांदाच मी तिला चेंडूसमोर सरळ पाठीनं उभी राहिलेली पाहिलं. खांदे मोकळे, मान ताठ. मला स्वतःशी कबूल करावं लागलं, की हिच्या उंचीचं हे रूप मी आजवर पाहिलंच नव्हतं. मैदानावरचे दोघं-तिघं साहेबही बघत होते. तिनं काठी मागं नेली, मारली. चेंडू उंच उडाला, छान उडाला आणि मग हळूहळू डावीकडं वळत झाडीत गेला.

"नवी आहे," ती म्हणाली. "हात बसायला वेळ लागेल."

पुढचाही डावीकडं. त्याच्या पुढचाही. असे कित्येक महिने गेले. आम्ही मैदानावर पोचलो की मी न सांगता डावीकडच्या कडेनं चालायला लागायचे, कारण तिचा चेंडू शोधायचं काम माझ्याकडं होतं. सर म्हणाले, पकड बदला. बदलली. पाय बदला. बदलले. मी टोमणे मारायची संधी सोडली नाही. "मोटारसायकल घेतली असतीस तर एव्हाना शोधत तरी फिरलो असतो." पण मनातून मला खरंच कुतूहल वाटायला लागलं. इतकी यंत्रं लावून, इतकं मोजून केलेली वस्तू अशी का वागते? मी सरांना विचारलं, मोबाइलवर बघितलं, रात्रंदिवस त्याच विषयात होते म्हटलं तरी चालेल. शेवटी एवढं कळलं, की मारणाऱ्याचा जोर जास्त आणि दांडा त्याच्या मानानं फार लवचीक असला, की चेंडू असा उंच जाऊन डावीकडं वळू शकतो. म्हणजे काठ्या कुणातरी तिच्याहून अशक्त बाईच्या मापाच्या होत्या. मी म्हणाले, "नसीमा, त्यांनी दुसऱ्याच कुणाचा संच तुला दिला."

  आम्ही मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. ती बशीत चहा ओतून, फुंकर घालून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझाच आहे. रोज्यात घेतलंय माप."

मग सगळं बाहेर आलं. ती रमजानात दुबईला गेली होती. त्या दिवसांत तिथल्या दुकानात सूट होती, आणि त्यातही इफ्तारच्या आधीची दुपारची वेळ सगळ्यांत स्वस्त, कारण त्या वेळेला कुणी फिरकत नाही. ही व्यापाऱ्याची मुलगी. सूट दिसल्यावर तिचा पाय मागं येतो होय? पहाटेच्या सहरीनंतर पाण्याचा थेंब नाही, बाहेर वाळवंटाचं ऊन, आणि ही त्या यंत्रासमोर उभी राहून चेंडू मारत होती. मोजणारा मुलगा फिलिपिनो, फार अदबीचा. यंत्रानं जो जोर दाखवला त्याला साजेसा मऊ दांडा त्यानं निवडला. त्याचं काहीच चुकलं नाही. यंत्राचंही चुकलं नाही.

"अगं, मग सांगायचं नाहीस त्याला? रोजा आहे म्हणून?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं मी काही अमंगळ बोलले. "रोजा सांगायचा असतो का कुणाला, गो? तो काय मिरवायचा असतो? आणि त्याला सांगून काय म्हणू, की बाबा माझा जोर दाखवतोय त्याच्यापेक्षा जास्ती आहे, अंदाजानं टाक? हे म्हणजे शिंप्याला सांगायचं, मी आज पोट आत घेतलंय."

मी इतकी हसले की चहा सांडला. तीही हसली, पण जरा उशिरा. मी म्हणाले, पुन्हा जा, दांडे बदलून घे. तर नाही. एक तर जाऊन सांगायचं काय, हा प्रश्न तसाच होता. दुसरं म्हणजे, स्वस्तात घेतलेली वस्तू महागात पडली असं कबूल करणं तिच्या घराण्यात बसत नव्हतं. "लांबी तर बरोबर आहे ना? पाठ दुखत नाही ना? मग झालं." खरंच, पाठ दुखत नव्हती. ती ताठ उभी राहून डावीकडं मारत राहिली, आणि रविवारच्या त्या गवतावर तिचं नाव झालं, कामंही मिळाली. साहेब लोकांना ती आवडायची, कारण ती हरली तरी गमतीनं हरायची.

माझ्या डोक्यातला किडा मात्र जाईना. पुढचा रमजान आला तेव्हा मी तिला म्हणाले, "एक करू या. दुपारी, इफ्तारच्या आधी, तू मैदानावर येऊन थोडे चेंडू मार. सरळ गेले तर माझं म्हणणं खरं." तिनं हातातली फाइल माझ्या अंगावर फेकली. "रोज्याची परीक्षा घेतेस? तौबा कर, तौबा!" मी म्हणाले, मी बाबासाहेबांची लेक, मी सगळ्याची परीक्षा घेते. ती म्हणाली, "मग स्वतः धर रोजा आणि मार." प्रयोग राहिला. मापाच्या काठ्या पैशाच्या लायकीच्या असतात की नाही, या आमच्या वादाचा निकाल असा टांगणीलाच लागला.

मग तिचं आजारपण आलं. त्याचं फार लिहीत नाही. मुंबईच्या दवाखान्यातल्या फेऱ्या ज्यांनी केल्यात त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केल्या नाहीत त्यांनी करू नयेत. औषधांनी तिचे केस गेले, मग हातांतली ताकद गेली. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलायची. उंची मात्र होती तेवढीच राहिली, आणि त्या खाटेवर ती तिरकी झोपायची, कारण खाटही तिच्या मापाची नव्हती. शेवटी म्हणाली, मला गावाला न्या. इकबाल सुट्टी घेऊन आला आणि घेऊन गेला.

मी शेवटची भेटले ती तिथं. थंडी सरत आलेली. दुपार कलत होती, ओहोटी होती. तिच्या घरामागं सुरूचं बन आहे आणि बन ओलांडलं की किनारा. ओहोटीला तिथली वाळू इतकी घट्ट होते, की त्यावर पोरं मोटारसायकली चालवतात. ती म्हणाली, "बीकॉम, काठी आण." मी म्हणाले, वेडी आहेस का, तुला उभं राहवत नाही. "ती आखूड घेऊ नको, मधली आण," ती म्हणाली, जशी काही मी होच म्हटलं होतं.

माझ्या खांद्याला धरून ती चालत आली. डोक्याला रुमाल, वर शाल. मी एक केशरी चेंडू वाळूवर ठेवला. तिनं शाल माझ्याकडं दिली आणि काठी हातात घेतली. पाठ सरळ केली. मी शालीची घडी घालायला लागले... पण तिनं मला तेवढा वेळ दिला नाही. काठी मागं नेली, पूर्वीच्या निम्मीही नाही, आणि सोडली. आवाज छोटासाच झाला. सवयीनं मी लगेच डावीकडं, सुरूच्या बनाकडं चालायला लागले.

"तिकडं कुठं जातेस गो?" मागून तिचा आवाज. "समोर बघ!"

चेंडू समोर होता. फार लांब गेला नव्हता. पण तो किनाऱ्याच्या मधोमध, जिथं ती बघत होती बरोबर तिथंच, ओल्या वाळूवर केशरी ठिपक्यासारखा पडला होता. मी चालत गेले, उचलला आणि वळून पाहिलं. ओल्या वाळूत माझ्या पावलांची रांग आधी थोडी डावीकडं गेली होती, मग सावरून चेंडूकडं आली होती, आणि त्या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला ती, काठीवर भार देऊन, मान ताठ करून उभी. मी परत आले. तिनं आणखी एक मारला. तोही सरळ.

ती वाळूवर बसली. धाप लागली होती, पण चेहरा असा, की एखादा अडकलेला कंटेनर सोडवून आणलाय. म्हणाली, "बघितलंस? पोरानं माप बरोबर घेतलं होतं. मीच तिथवर पोचायला उशीर केला."

 मी म्हणाले, "म्हणजे मी जिंकले. दांडा मऊच होता."

"तू कशी जिंकलीस? काठ्या बसल्या ना मला? पैसे वसूल."

आम्ही भांडत भांडतच घरी आलो. ती माझ्या खांद्यावर, काठी माझ्या काखेत.

त्या वादाचा मी नंतर खूप विचार केला. मला कुणी विचारलं, की मापाच्या काठ्यांवर एवढे पैसे घालावेत का, तर मी आता पूर्वीसारखं फटकन नाही म्हणणार नाही. चारचौघींसारखी उंची असेल तर घालू नयेत, तेच पैसे शिकण्यावर घालावेत, हे माझं मत कायम आहे. पण ज्याला दुकानातलं काहीच येत नाही त्यानं घालावेत. चेंडू सरळ जाईलच असं नाही. पण पाठ सरळ होते, आणि मी नसीमाची सरळ झालेली पाठ पाहिली आहे. फक्त एक लक्षात ठेवावं, माप घेणारा त्या दिवसाचं माणूस मोजतो. आदल्या दिवशीचं नाही, पुढच्या वर्षीचं नाही. तो तरी काय करणार, त्याच्यापुढं तेवढंच उभं असतं.

तिच्या चाळिसाव्या दिवसाला गेले तेव्हा इकबाल परत दुबईला निघायच्या तयारीत होता. पिशवी दाराच्या मागंच होती. म्हणाला, "ताई, एका दुकानदाराला फोटो पाठवले होते. तो म्हणतो, दुसऱ्याच्या मापाचा माल आहे, घेऊन करू काय? मला वाटतं, तुम्हीच न्या. कापून घ्या तुमच्या उंचीला." फुपी आतून म्हणाली, "तिला दे. त्या चेंडूंचं ठिकाण तिलाच म्हायती हाय."

मी मुंबईतल्या एका दुकानात घेऊन गेले, जिथं हे काम करतात. तरुण माणूस होता, नीट समजावून सांगणारा. त्यानं मला उभं केलं, माझं मनगट मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं माप घेतलं ते कशात तरी बसतं का हे बघायला नाही, तर काहीतरी मला बसावं म्हणून... आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. मग त्यानं नसीमाची काठी माझ्या हातात दिली आणि तळ बघितला. "मॅडम, ही फार उंच व्यक्तीसाठी केलीय. कोन तसा आहे. तुमच्या हातात ही चेंडू डावीकडंच नेणार. वरून कापावी लागेल, तळ वाकवावा लागेल. आणि कापल्यावर दांडा थोडा कडक लागेल, आत्ताची लवचीकता राहणार नाही."

"कडक होईल?" मी विचारलं.

"थोडा. तुम्हाला ते चालेलही."

त्यानं पेन्सिलनं खूण करायला काठी आडवी धरली. मुठीच्या वरच्या भागाचं रबर तिच्या अंगठ्यांनी घासून गुळगुळीत झालं होतं, उजेडात चमकत होतं. खूण नेमकी त्याच्याखाली येत होती. म्हणजे कापायचा तो तुकडा तोच. मी म्हणाले, राहू द्या. तो म्हणाला, मॅडम, अशी तुम्हाला कधीच बसणार नाही. मी म्हणाले, "मला दुमडून वापरायची सवय आहे."

आता रविवारी मी एकटी जाते. मोजण्याचे पैसे दिले, माझं माप माझ्याकडं आहे, कधी वाटलंच तर माझ्यासाठी नव्या काठ्या करून घेईन. त्यातही कमीपणा नाही, मी कमावते. पण सध्या तिची पिशवी नेते. काठी खाली धरते, माझे दोन्ही हात कोऱ्या, खरखरीत रबरावर, आणि त्यांच्या वर तिची गुळगुळीत जागा मोकळी. मारायला उभी राहिले की ते वरचं टोक पोटाला टोचतं. मी पोट आत घेते, काठीला जागा देते आणि मारते. चेंडू उंच जातो, छान जातो, आणि मग वळतो.

मैदानावरचे नवे लोक म्हणतात, मॅडम, गेला, कुठं पडला दिसलं नाही. मी पिशवी खांद्याला लावते आणि डावीकडच्या कडेनं चालायला लागते.